स्मृतिभ्रंश : आजाराचे भानच नसते तेव्हा...

'मला काहीही झालेले नाही, तुमचेच डोके फिरले आहे.' स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येते. दूध गॅसवर ठेवून पूजेला बसणाऱ्या आजी किंवा एकच वीजबिल दोनदा भरणारे आजोबा आपली चूक मान्य करत नाहीत. घरचे त्याला हट्ट म्हणतात, शेजारी सोंग म्हणतात. बहुतेक वेळा मात्र ते दुखण्याचेच एक लक्षण असते.

वैद्यकशास्त्रात याला 'अ‍ॅनोसोग्नोसिया' म्हणतात. ही संज्ञा फ्रेंच मेंदूतज्ज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये योजली. अर्धांगवायूने डावी बाजू लुळी पडलेले त्यांचे काही रुग्ण आपल्याला काही झाले आहे, हेच जाणत नव्हते. स्मृतिभ्रंशातही असेच घडते. आपल्या चुकांवर लक्ष ठेवण्याचे काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो. तोच दुबळा होतो. शिवाय अल्झायमरमध्ये नव्या आठवणी टिकत नाहीत. कालची चूक आठवतच नसेल, तर ती कबूल कशी करणार? मनात स्वतःचे जुनेच चित्र राहते : घर चालवणारी, हिशेब चोख ठेवणारी व्यक्ती. आजार नाकारणाऱ्याला आतून तो ठाऊक असतो. येथे ती जाणीवच पुसट झालेली असते. गंमत अशी, की हीच व्यक्ती गुडघेदुखीची तक्रार मात्र अचूक करते.

म्हणूनच पुरावे समोर ठेवून पटवून देण्याचा उपयोग नसतो. वाद विसरला जातो, पण अपमानाचा कढ उरतो. बोलणे कमी करून व्यवस्था बदलणे श्रेयस्कर. रात्री रेग्युलेटर बंद ठेवावा, गोळ्या रोजच्या रोज डबीतून द्याव्यात, बँकेचे व्यवहार मुलामुलींनी हळूहळू हाती घ्यावेत. मदतनीस 'तुमच्यासाठी' ठेवली म्हटले की ती टिकत नाही. 'सूनबाईंच्या हाताखाली' म्हटले तर टिकते. पाकीट चोरल्याचा आळ कामवालीवर आला, तर तिची बाजू मांडत बसण्याऐवजी 'चला, शोधू या' म्हणावे आणि तसेच दुसरे पाकीट घरात ठेवावे.

दवाखान्यात नेणे सर्वांत अवघड. 'रक्तदाब तपासून येऊ' हे निमित्त बहुधा चालते. मात्र घरातील घटना लिहून डॉक्टरांना आधीच कळवाव्यात, कारण त्यांच्यासमोर अनेक रुग्ण इतके व्यवस्थित बोलतात, की सांगणाराच खोटा ठरतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य यांनीही विस्मरण होते व त्यांवर उपचार आहेत. त्यामुळे तपासणी टाळू नये.

अशी थाप मारणे योग्य का, हा प्रश्न अनेकांना छळतो. गाडीची किल्ली काढून घेऊन 'गाडी दुरुस्तीला दिली आहे' असे सांगण्यात आमच्या मते गैर नाही. रस्त्यावरील इतरांचे जीवही त्यात गुंतलेले असतात. पण जेवणात गोळी लपवणे वेगळे. काही गोळ्या कुटून देणे घातक असते, शिवाय लबाडी उघड झाली तर जेवणच नाकारले जाते. डॉक्टरांना विचारल्याखेरीज तसे करू नये.

कायद्याची बाजूही वेळेत पाहावी. कुलमुखत्यारपत्र केले की निश्चिंत, असा समज आहे. परंतु भारतीय करार कायद्यानुसार (१८७२, कलम २०१) ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली, की मुखत्यारी संपते. पुढे पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते. मृत्युपत्र, बँकेतील नामनिर्देशन, संयुक्त खाते हे सारे समज शाबूत असतानाच उरकावे.

यात सर्वाधिक झिजते ती सांभाळणारी व्यक्ती, बहुधा पत्नी, मुलगी वा सून. ज्याला मदतीची गरजच वाटत नाही, तो आभार कसले मानणार? आठवड्यातून एक दिवस तरी दुसऱ्या कुणी जबाबदारी घेतलीच पाहिजे. केरळमध्ये १९९२ साली सुरू झालेली 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' अशा कुटुंबांसाठी काम करते.

भान दररोज सारखे नसते. एखाद्या संध्याकाळी 'मला काय होतंय?' असा प्रश्न अचानक येतो. तेव्हा 'विसरायला होतंय थोडं, आम्ही आहोत' एवढे खरे उत्तर पुरते. गोंधळ दोन-तीन दिवसांतच एकाएकी वाढला, तर मात्र तो स्मृतिभ्रंशावर ढकलू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा नव्या औषधाचा परिणाम असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.