सोडण्याचे शिलालेख

'सोडून द्या' हा उपदेश आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. मागचे ओझे टाकले की माणूस पुढे जातो, असे सांगणाऱ्यांना सहसा एक प्रश्न पडत नाही: सोडलेले जाते कोठे? जुन्नरच्या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले लेख हा प्रश्न मनात धरून वाचण्याजोगे आहेत.

शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री या परिसरातील बौद्ध लेण्यांची संख्या दोनशेच्या आसपास भरते. घरदार सोडलेल्या भिक्षूंची ही वसतिस्थाने. परंतु ती निर्जन अरण्यात नाहीत. कोकणातून नाणेघाट चढून येणारा व्यापारी मार्ग ज्या नगरात पोचत असे, त्याच्या उशाशी ती आहेत. संसार सोडणाऱ्यालाही पावसाळ्यात छप्पर, पाणी आणि अन्न लागते. शिवनेरीवर इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, तर चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व टाके दिले. अशा दानाला या लेखांत 'देयधम' म्हटले आहे. एकाने सोडलेले दुसऱ्याची तहान भागवी, हा त्या शब्दाचा व्यवहारातला अर्थ.

मानमोडीच्या लेण्यात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने मंडप आणि टाके दिल्याची नोंद आहे, वर्ष 46. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे 1906 मध्ये नहपानाची 13,000 हून अधिक नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा उमटवून घेतला होता. राजाने जे धरून ठेवले त्यावर दुसऱ्याची मोहोर उठली. अमात्याने जे सोडले ते त्याच्याच नावाने राहिले.

मात्र नाव कोरून घेणे हाही मोहच नव्हे काय? आहेच. अयमाने धन सोडले, नाव सोडले नाही. इरिलाने आपले यवनपणही लपवले नाही. सोडण्यासाठी स्वतःला पुसून टाकावे लागते, असे या दात्यांना वाटलेले दिसत नाही. पूर्ण निर्मोहाची वाट पाहत ते बसले नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्या हातून काही सुटले.

नाणेघाटातील, सामान्यतः राणी नागनिकेचा मानला जाणारा लेख याहून पुढे जातो. त्यात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या हजारो गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण यांची गणती आहे. आणि त्याच लेखात ती राणी मासोपवास करणारी, घरातच तापसीप्रमाणे राहणारी म्हणून वर्णिली आहे. तिने घर सोडले नाही, घरावरची पकड सैल केली. त्याच लेण्यात सातवाहन राजकुळाच्या प्रतिमा होत्या. आज त्यांच्या पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत.

येथे शेजारच्या आंबेगावचे स्मरण ठेवलेच पाहिजे. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्यात जुने आंबेगाव बुडाले; तालुक्याला नाव त्याचे आहे, कारभार मात्र घोडेगावातून चालतो. त्या गावकऱ्यांनी घरे-शेते 'सोडली' असे आपण सहज बोलतो. वस्तुतः ती त्यांच्याकडून सुटली. धरणाचे पाणी ज्यांच्या शेताला मिळाले त्यांनी धरणग्रस्तांना त्याग शिकवू नये. इरिलाला टाकी न देण्याचीही मोकळीक होती. आंबेगावकरांना ती नव्हती. ही मोकळीक असेल तेथेच सोडण्याने माणूस वाढतो. नसेल तेथे तो केवळ उणा होतो, आणि ती उणीव भरून देणे हे इतरांचे देणे ठरते.

म्हणून कोणी 'सोडून द्या' म्हणाले, की आपण दोन गोष्टी विचाराव्यात: सोडणारा हात कोणाचा, आणि त्या सोडण्याने कोणाचे टाके भरले?