वराह-इन्फ्ल्यूएंझा (शिरूर व दौंड तालुके)

अ-गटाच्या इन्फ्ल्यूएंझा विषाणूमुळे डुकरांच्या श्वसनमार्गास जडणारा तीव्र सांसर्गिक ज्वर. एच1एन1, एच1एन2 व एच3एन2 हे त्याचे मुख्य उपप्रकार होत. 1918 च्या इन्फ्ल्यूएंझा-महासाथीच्या सुमारास अमेरिकेच्या आयोवा राज्यात तो ओळखला गेला आणि 1930-31 मध्ये रिचर्ड शोप यांनी त्याचा विषाणू वेगळा केला. मानवी इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू हाती आला तो त्यानंतर, 1933 साली. कळपात शिरकाव झाल्यावर अल्पावधीतच बहुतेक जनावरे खोकू लागतात, चारा सोडतात व निपचित पडून राहतात. मृत्यू विरळा असून बहुतेक आठवडाभरात सावरतात, परंतु वजन घटल्याने व गाभण माद्या गाभडल्याने पालकाचे नुकसान व्हायचे ते होतेच.

डुकराच्या श्वासनलिकेत मानवी व पक्ष्यांच्या अशा दोन्ही विषाणूंना थारा मिळत असल्यामुळे तेथे त्यांच्या जनुकखंडांची अदलाबदल होऊन नवा विषाणू निपजू शकतो. 2009 च्या महासाथीचा विषाणू अशाच सरमिसळीतून उपजला. भारतातील त्याचा पहिला बळी 3 ऑगस्ट 2009 रोजी पुण्यात गेला आणि साथरोग अधिनियम, 1897 अन्वये बंदोबस्त करणे सरकारास भाग पडले. ती साथ माणसाकडून माणसाकडे पसरली. इतकेच नव्हे, तर पुढे अनेक देशांत माणसांनीच ती डुकरांना दिली. तेव्हा संशयाचे सारे खापर मुक्या जनावरावर फोडणे अन्यायाचे आहे.

घोड व भीमा या नद्यांच्या काठच्या शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत कुक्कुटपालन बरेच आहे. जानेवारी 2021 मध्ये दौंड तालुक्यात बर्ड फ्लू आढळलाही होता. जेथे कोंबड्यांची शेड, उकिरड्यावर फिरणारी डुकरे आणि दाट मनुष्यवस्ती लगत असतात, तेथे तिन्ही यजमानांना परस्परांपासून दूर राखणे हाच नियंत्रणाचा गाभा ठरतो. विकत आणलेले जनावर काही आठवडे वेगळे बांधावे, गोठा एकदम रिता करून साबण व जंतुनाशकाने धुवावा, आणि तापाने आजारी असलेल्या माणसाने डुकरांच्या जवळ जाऊ नये. अमेरिका व युरोपात डुकरांसाठी लस वापरतात. पण विषाणू पालटत असल्याने ती सर्वकाळ पुरी पडत नाही. नीट शिजविलेल्या मांसातून हा रोग होत नाही. कळप खोकू लागल्यास पालकाने पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यास विनाविलंब इत्तला द्यावी, म्हणजे नाकातील स्रावाचे नमुने तपासणीस धाडण्याची तजवीज होते. आणि स्वतः दरवर्षी फ्लूची लस टोचून घ्यावी.