बादलीतला बटाटा आणि आयर्लंडचा दुष्काळ

बटाटा हे मूळ की खोड? वर्गात हा प्रश्न विचारला, तर बरेच हात ‘मूळ’च्या बाजूने वर होतात. उत्तर तोंडी सांगण्यापेक्षा एक जुनी बादली घ्यावी. तळाला भोके पाडून ती निम्मी माती व शेणखताने भरावी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात डोळे फुटलेला बटाटा तीत लावावा. हे डोळे म्हणजे खोडावरचे अंकुर. रोप वाढेल तशी मातीची भर द्यावी. मातीखालच्या खोडाला आडव्या फांद्या फुटतात आणि त्यांची टोके फुगून बटाटे होतात. सुमारे तीन महिन्यांनी पाने पिवळी पडली, की बादली पालथी करावी.

आता पुढचा प्रश्न. या नव्या बटाट्यांचे लावलेल्या बटाट्याशी नाते काय? आपण बी पेरलेच नव्हते. म्हणजे ही त्याची संतती नव्हे. गुणदोषांसह तोच बटाटा पुन्हा वाढला आहे. याची किंमत एका देशाला मोजावी लागली.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला. तेथील शेतकरी एकाच शेतात अनेक वाण लावत. सोळाव्या शतकात तो युरोपात आला. (‘बटाटा’ हा आपला शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला.) आयर्लंडमध्ये चांगली जमीन जमीनदारांची, धान्य आणि जनावरे खंड भरण्यासाठी विकली जात. गरीब कुळांच्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर कुटुंब जगवू शकेल असे पीक बटाट्याचेच होते. त्यातही भरपूर उत्पन्न देणारा ‘लंपर’ हा वाण सर्वत्र पसरला. १८४१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती.

सप्टेंबर १८४५ मध्ये तेथे करपा दिसला. पाने काळी पडली, कंद सडले. रोगट बेण्यातून रोग पुढच्या हंगामात गेला आणि १८४६ चे पीक जवळजवळ संपूर्ण बुडाले. लंपरची सारी रोपे सारखीच असल्याने एक बळी पडले, की शेजारचेही पडे. १८५२ पर्यंत सुमारे १० लाख माणसे भूक व साथींनी मेली; तितकीच किंवा अधिक देश सोडून गेली. या काळातही आयर्लंडमधून धान्य बाहेर जातच होते.

रोगाचे कारण काय? अनेक विद्वान ओल्या हवेला दोष देत होते. पानांवरची बुरशी हा सडण्याचा परिणाम, असे ते म्हणत. माइल्स बर्कली या धर्मोपदेशकाने १८४६ मध्ये उलट मत मांडले: बुरशी हेच कारण. १८६१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी प्रयोगाने ते दाखवून दिले. (आज हा सूक्ष्मजीव खऱ्या बुरशीत गणत नाहीत, तो तपकिरी शैवालांना जवळचा मानतात.) १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये द्राक्षांसाठी तयार झालेले मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण या करप्यावरही उपयोगी पडले. आपले द्राक्ष बागायतदार ते आजही जाणतात.

मग दुष्काळ कोणी घडवला, सूक्ष्मजीवाने की माणसांनी? रोगाने पीक नेले. पण एका वाणावर लाखोंचे पोट टांगले ते जमिनीच्या वाटणीने. बादली पालथी कराल त्या दिवशी हा प्रश्न वर्गात जरूर विचारा. विज्ञानाच्या तासाला इतिहास आला, तर बिघडत नाही.