समोरची खुर्ची

१९९८ साली मी पुण्यात वसतिगृहात राहत होते. दिवाळीनंतर परत येताना आईने शंकरपाळ्यांचा पत्र्याचा डबा दिला होता. एका रात्री खोलीतली मैत्रीण झोपल्यावर, दिवा न लावता, उभ्यानेच मी तो संपवला. चव लागत नव्हती, पण हातही थांबत नव्हता. असं वारंवार व्हायला लागलं तेव्हा एका डॉक्टरांना कसंबसं सांगितलं. त्यांनी आहाराचा छापील तक्ता हातात ठेवला आणि म्हणाले, "तोंडावर ताबा ठेव." तक्ता नऊ दिवस पाळला. दहाव्या रात्री बेकरीतली अख्खी खारी संपली.

आज मी समुपदेशक आहे आणि त्या तक्त्याचा राग अजून गेलेला नाही. कारण तेव्हा जगाला बरंच ठाऊक झालेलं होतं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. उपासमार संपल्यावर त्यांतले काही जण पोट तट्ट फुगेपर्यंत खात, तरी त्यांचं भागत नसे. हावरट म्हणून हिणवल्या गेलेल्या प्रत्येक मुलीला मी हा प्रयोग सांगते. १९५९ मध्ये अल्बर्ट स्टंकार्ड यांनी असं अनावर खाणं वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडलेल्या हिल्डे ब्रुख यांनी १९७३ च्या ग्रंथात त्याच्या मुळाशी हात घातला: बाळाच्या प्रत्येक रडण्याला खाऊनेच उत्तर मिळालं, तर भूक कुठली आणि दुःख कुठलं, हे त्याला पुढे ओळखता येत नाही. तरीही अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात अशा अनावर खाण्याला, म्हणजे 'बिंज ईटिंग'ला, स्वतंत्र विकाराचं स्थान मिळायला २०१३ उजाडलं.

ज्या उपचारात आपण समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतो, त्या खुर्चीची वाट वेगळी. मानसोपचारात ती नाटकातून आली. व्हिएन्नाचे डॉक्टर याकोब मोरेनो रुग्णांकडून प्रसंग वठवून घेत. फ्रिट्झ पर्ल्स यांनी ती रिकामी खुर्ची कॅलिफोर्नियात, लोकांच्या गराड्यात वापरली. त्यांची रीत मला फार कठोर वाटते. जोहान्सबर्गहून कॅनडात आलेले लेस्ली ग्रीनबर्ग मुळात इंजिनिअर. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात लॉरा राइस यांच्यासोबत त्यांनी अशा खुर्चीच्या उपचार-भेटींच्या ध्वनिफिती पुन्हापुन्हा ऐकल्या, आणि स्वतःला टोचून बोलणारा आवाज नेमका कुठे मऊ होतो, ते शोधलं. यातून घडलेल्या भावनाकेंद्री पद्धतीवरचा त्यांचा ग्रंथ रॉबर्ट इलियट यांच्यासह १९९३ मध्ये आला. पुढे जोअ‍ॅन डॉल्हँटी यांनी ग्रीनबर्ग यांच्याबरोबर ही पद्धत खाण्याच्या विकारांकडे वळवली. विचार-वर्तन पद्धतीच्या मागे आजही जास्त संशोधन आहे, आणि ती मीही वापरते.

पण माझी गाठ सुटली ती खुर्चीत. प्रशिक्षणात मला समोरच्या खुर्चीत बसवून सांगितलं, "रात्री जे ऐकू येतं, ते बोला." मी बोलले, "हावरट कुठली! लाज नाही वाटत?" सूर हुबेहूब आत्याचा होता. मग जागा बदलून उत्तर द्यायचं होतं. बराच वेळ शब्द फुटेना. शेवटी एवढंच निघालं, "आत्या, बाबा गेल्यावर घरात कुणी माझ्याशी बोलतच नव्हतं गं."