गांजा कायदेशीर झालाय का? बांधावर एक झाड लावण्याआधी हे वाचा

नेवासा : ‘गांजाला परवानगी मिळाली’ असे व्हिडिओ मोबाईलवर फिरत असतात. बाहेरच्या देशांपुरतं ते खरं आहे. कॅनडाने २०१८ मध्ये, जर्मनीने २०२४ मध्ये मोठ्या माणसांना ठराविक गांजा जवळ ठेवायची मुभा दिली. भारतात तशी मुभा नाही.

गंमत म्हणजे इंग्रजांच्या काळात आपल्या नगर जिल्ह्यात गांजाचं पीक घेतलं जायचं आणि परवान्याच्या दुकानात तो विकलाही जायचा. १८९३-९४ च्या सरकारी आयोगाने तर सरसकट बंदी नको, कर लावून नियंत्रण ठेवा, असंच सुचवलं होतं. आजोबा-पणजोबांच्या गोष्टी त्यामुळे खोट्या नाहीत, पण आज त्या कोर्टात चालत नाहीत.

आज लागू आहे तो १९८५ चा अमली पदार्थ विरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस. एक किलोपेक्षा कमी गांजा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या वर, पण २० किलोपर्यंत, दहा वर्षांपर्यंत. २० किलोपेक्षा जास्त असेल तर किमान दहा वर्षं, आणि जामीनही फार अवघड.

खरी फसगत होते ती लागवडीत. किलोचा हा हिशोब जवळ बाळगण्याला आहे, लावण्याला नाही. उसात किंवा तुरीत चार झाडं लावली तरी दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

रान वाट्याने दिलंय म्हणून मालक सुटतो असंही नाही. आपल्या जमिनीत गांजा आहे हे माहीत असून पोलिसांना कळवलं नाही, तर कलम ४६ खाली मालकावर कारवाई होते. कलम ४७ प्रमाणे सरपंच आणि गावकामगारांवरही कळवण्याची जबाबदारी आहे.

भांगेचं वेगळं. नुसता पाला केंद्राच्या कायद्यात गांजा धरला जात नाही, पण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे त्यालाही परवाना लागतो. उत्तराखंडमध्ये धाग्यासाठी कमी नशेच्या जातीला लायसन देतात. ते पीक वेगळं, ते पाहून इथे बी टाकू नये.

घरात कुणाला सवय लागली असेल तर कलम ६४-अ माहीत असावं. फक्त नशा करणारा किंवा थोडा माल बाळगणारा व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर मात्र ही सूट काढून घेता येते.