खर्जाची तार : देवगिरीपासून बेस गिटारपर्यंत

शाळेची सहल दौलताबादला गेली की आपण मुलांना बहुधा तीन गोष्टी दाखवतो : मेंढा तोफ, चाँद मिनार आणि अंधारी. इतिहासाचे शिक्षक बरोबर असतील तर यादवांची वंशावळ, १२९६ सालची अलाउद्दीन खलजीची स्वारी आणि १३२७ साली मुहम्मद तुघलकाने इथे आणलेली राजधानी यांचाही उल्लेख होतो. विज्ञानाच्या शिक्षकांना मात्र किल्ल्यावर सांगण्यासारखे काही नाही, असा समज आहे. तो खोडून काढावा, एवढ्यासाठी हा लेख.

याच किल्ल्याच्या परिसरात, तो देवगिरी म्हणून ओळखला जात होता तेव्हा, ध्वनीसंबंधी एक प्रयोग लिहून ठेवला गेला. त्या प्रयोगाची सुरुवात सर्वांत खालच्या, सर्वांत गंभीर आवाजाच्या तारेपासून होते. या तारेला आपले गवई खर्ज म्हणतात, ऑर्केस्ट्रातील मंडळी बेस म्हणतात. मैफलीत तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. ती थांबली की मात्र काहीतरी हरवल्याचे सर्वांना कळते.

हिशेबनीसाचा प्रयोग

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या गादीवर सिंघण यादव होता. त्याच्या दरबारी श्रीकरण म्हणजे हिशेब-दप्तराच्या खात्यात शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे, आजोबांच्या वेळी दक्षिणेत आलेले. शार्ङ्गदेवाला वैद्यकही येत होते. त्याने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या संस्कृत ग्रंथाचे सात अध्याय आहेत आणि त्यांतला सहावा वाद्यांचा आहे. त्यात एक तारेच्या एकतंत्रीपासून एकवीस तारांच्या मत्तकोकिलेपर्यंत अनेक वीणांची वर्णने आहेत. दांडी किती लांब आणि भोपळा केवढा, अशी मापे तो हात आणि अंगुळांत देतो. हिशेबनीसाची सवय इथे दिसते!

पहिल्या अध्यायातला प्रयोग असा. अगदी सारख्या दोन वीणा घ्यायच्या, प्रत्येकीला बावीस तारा. पहिली तार शक्य तितक्या मंद्र म्हणजे खालच्या आवाजात लावायची. दुसरी तिच्याहून किंचित चढी, पण इतकीच की दोहोंच्या मध्ये तिसरा आवाज मावू नये. याप्रमाणे बावीसही तारा लावायच्या. चौथ्या तारेवर षड्ज, सातवीवर ऋषभ, नववीवर गांधार, तेरावीवर मध्यम, सतरावीवर पंचम, विसावीवर धैवत आणि बाविसावीवर निषाद. मग एक वीणा तशीच ठेवायची, ती ध्रुव. दुसरीच्या सगळ्या तारा एकेक पायरी उतरवत जायच्या, ती चल. दोन पायऱ्या उतरल्यावर चल वीणेचा गांधार ध्रुव वीणेच्या ऋषभाशी जुळतो, निषाद धैवताशी जुळतो. तीन पायऱ्या उतरल्यावर ऋषभ षड्जात आणि धैवत पंचमात मिळतो. (नऊमधून दोन वजा केले की सात, सातमधून तीन वजा केले की चार. मुलांना हा हिशेब फळ्यावर करायला द्यावा.)

या प्रयोगात आम्हांला महत्त्वाची वाटते ती ध्रुव वीणा. बदललेल्या वस्तूची तुलना न बदललेल्या वस्तूशी करायची, ही प्रयोगशाळेतली शिस्त इथे स्पष्ट दिसते. मूळ कल्पना भरताच्या नाट्यशास्त्रातली. शार्ङ्गदेवाने ती तारा मोजून नीट मांडली.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘आमच्या ग्रंथांत सगळे होते’ असे म्हणण्याची हौस आपल्याकडे मोठी आहे, आणि वर्गात तिचा मोह फार पडतो. शार्ङ्गदेवाने ‘शक्य तितक्या खाली’ असे म्हटले, पण किती खाली याला आकडा नाही. पहिली तार इथे एक आवाज देईल, पैठणला दुसरा. तारेची जाडी, तिच्यावरचा ताण आणि आवाज यांचे नातेही या प्रयोगात नाही. बावीस पायऱ्या एकसारख्या की कमीजास्त, यावर अभ्यासकांचा वाद आजही चालू आहे. मोजण्याचे साधन एकच होते : तयार कान. ग्रंथाचा मोठेपणा आहे तेवढा सांगितला तरी तो पुरेसा मोठा आहे.

आकडा कधी आला?

तारेच्या आवाजाचे नियम आकड्यांत मांडणारा ग्रंथ १६३६ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाला. लेखक होता मारँ मर्सेन नावाचा धर्मगुरू. त्याचे नियम आजच्या पाठ्यपुस्तकात आहेत. तार दुप्पट लांब केली की वारंवारिता निम्मी होते. ताण एकचतुर्थांश केला की निम्मी होते. तारेच्या दर मीटर लांबीचे वस्तुमान चौपट केले की निम्मी होते.

वारंवारिता निम्मी होणे म्हणजे आवाज एक सप्तक खाली जाणे. नियमानुसार खाली जाण्याच्या वाटा तीनच आहेत, आणि तिन्ही वाटांवर अडचण आहे. लांबी वाढवावी तर हात पुरत नाही. ताण कमी करावा तर तार ढिली पडून नुसती फडफडते. तार जाड करावी तर ती सळईसारखी ताठ होते, सहज वाकत नाही आणि तिचे संनादी स्वर बेसूर होऊ लागतात. खालचा स्वर देणारे प्रत्येक वाद्य म्हणजे या तीन अडचणींमध्ये काढलेली तडजोड आहे. बेसवादक एकत्र आले की त्यांचे बोलणे ‘कोणत्या तारा लावल्यास, किती जाड, गुंडाळी कसली’ यावर येते; तंबोरा लावणाऱ्यांचे बोलणे जवारीवर येते. दोघे याच तडजोडीविषयी बोलत असतात.

युरोपात १६६० च्या दशकात एक तोड निघाली. आत बारीक लवचीक तार आणि तिच्यावर धातूच्या तारेची गुंडाळी. वजन वाढले, पण ताठपणा फारसा वाढला नाही. आजच्या बेस गिटारची तार पाहा, तीच युक्ती दिसेल. आपल्याकडे तंबोऱ्याला वेगळी तोड आहे. वरच्या स्वरांच्या तारा पोलादी, पण खर्जाची तार पितळेची किंवा काशाची. पितळ पोलादापेक्षा थोडे जड असते आणि बरेच कमी ताठ असते, म्हणून तार जाड घेतली तरी चालते.

मिरजेचे शिकलगार

तंबोरा शार्ङ्गदेवाच्या यादीत नाही. चित्रांत आणि ग्रंथांत तो काही शतकांनंतर दिसू लागतो. महाराष्ट्रात तंबोऱ्याचे गाव म्हणजे मिरज. तिथे तलवारी आणि इतर हत्यारांना धार लावणारे शिकलगार राहत. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम कमी होत गेले, तेव्हा फरीदसाहेब आणि मोहिद्दीन या शिकलगारांनी तंतुवाद्ये दुरुस्त करण्याचे आणि बनवण्याचे काम हाती घेतले. त्यांच्या वंशजांनी आणि शिष्यांनी ते आजवर चालवले. भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

भोपळा एवढा मोठा का, याचे उत्तर पुन्हा खर्जात आहे. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झ असतो आणि खर्ज त्याच्या निम्मा, सुमारे ६९ हर्ट्झ. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर या स्वराची तरंगलांबी जवळजवळ ५ मीटर येते. नुसती तार हवेला कापत जाते, ढकलत नाही. हवा ढकलायला मोठा पृष्ठभाग लागतो. तोच तबली आणि भोपळा पुरवतात. तुणतुणे लहान असते म्हणून ते खर्जात बोलत नाही.

तरीही एक कोडे उरते. पाच मीटरच्या तरंगापुढे मिरजेचा मोठ्यात मोठा भोपळाही लहानच. खर्जाचे मूळ कंपन हवेत तुलनेने क्षीणच जाते, आणि तरी आपल्याला खर्ज भरघोस ऐकू येतो. तो कसा?

याचा अर्धा भाग १९२१ साली कलकत्त्यात उलगडला. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तंबोऱ्याची घोडी रुंद असते, तिचा माथा किंचित गोलसर असतो आणि तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्या संनादी स्वराचा निस्पंद असेल तो स्वर उमटू नये, असा युंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम होता. तंबोऱ्यात तो उमटतो, हे रामन यांनी दाखवले. कंप पावताना तार घोडीच्या वळणावर टेकत-सुटत राहते आणि त्यातून वरच्या संनादी स्वरांचा थवा उठतो.

उरलेला अर्धा भाग आपल्या कानात आहे. ६९ हर्ट्झचे संनादी स्वर १३८, २०७, २७६ असे चढत जातात. यांतला ६९ काढून टाकला तरी बाकीच्यांमधले अंतर ६९ च राहते, आणि कान-मेंदू मिळून गैरहजर असलेला खर्ज भरून काढतात. जर्मनीत ऑगस्ट झेबेक याने १८४० च्या दशकात सायरनवर प्रयोग करून ही गोष्ट दाखवली होती. ओम (विद्युतरोधाचा नियम ज्याच्या नावाने आहे तोच) आणि पुढे हेल्महोल्ट्झ यांनी त्याला विरोध केला. झेबेकच्या बाजूला वजन यायला जवळजवळ शंभर वर्षे गेली. तळहाताएवढ्या ट्रान्झिस्टरवर गाण्यातला बेस कळतो तो याच कारणाने. त्याच्या कर्ण्याला खालचे स्वर पेलत नाहीत, ते आपण मनात पुरवतो.

पडद्याआडचे बेसवादक

मुंबईत खर्जाचा दुसरा प्रवाह आला तो पाश्चात्त्य वाद्यांतून. १९३० च्या दशकापासून हॉटेलांतल्या जॅझ वाद्यवृंदांत आणि पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. तिथे डबल बेस असे. हे माणसाहून उंच वाद्य उभ्याने किंवा उंच स्टुलावर बसून वाजवायचे. त्याची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झची, म्हणजे तरंगलांबी आठ मीटरहून अधिक. एवढे धूड टॅक्सीत कसे न्यायचे, हा त्या वादकांचा रोजचा प्रश्न.

अमेरिकेत लिओ फेंडर याने १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. पॉल टुटमार्क याने तसा प्रयत्न १९३० च्या दशकातच केला होता, पण तो रुजला नव्हता. फेंडरच्या वाद्यात पोकळ पेटीच नव्हती. तारेखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार हलली की वेटोळ्यात विद्युतप्रवाह उत्पन्न होतो. हे फॅरडेचे १८३१ सालचे तत्त्व. हवा ढकलण्याचे काम वाद्याकडून कर्ण्याकडे गेले आणि वाद्य खांद्याला अडकवण्याजोगे झाले. मानेवर पडदे बसवल्यामुळे स्वर नेमका लागे, म्हणून ‘प्रिसिजन’.

हिंदी चित्रपटगीतांतही बेस गिटार आली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ, तसेच चरणजितसिंग हे वादक जाणकारांना माहीत आहेत. पण त्या काळच्या तबकड्यांवर गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे असत, बेसवादकाचे सहसा नसे. अशा वादकांच्या मुलाखती घेऊन ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने २००८ साली पुस्तक लिहिले, तोवर त्यांतले कितीतरी हयात नव्हते.

नोंद कोणाची राहते?

हा सगळा प्रवास पाहताना एक गोष्ट आम्हांला सलते. शार्ङ्गदेवाचा ग्रंथ टिकला, त्यावर टीका झाल्या आणि पुण्याच्या आनंदाश्रमाने तो १८९६ साली छापायला घेतला. पण त्याच्यासाठी वीणा कोणी घडवली? तार किती ओढली की तुटते, हे कोणाच्या बोटांना ठाऊक होते? नाव नाही. औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्यात नर्तकीभोवती बसलेल्या वादक स्त्रिया कोरल्या आहेत. त्या सहाव्या-सातव्या शतकातल्या. त्यांचीही नावे नाहीत. शिकलगारांची नावे राहिली ती गवयांनी आणि घरच्यांनी जपली म्हणून. विज्ञानाचा इतिहास फक्त ग्रंथांवरून लिहिला तर खर्जाची तार त्यातून गळते. जवारी आधी कारागिराच्या हातात होती, मग रामन यांच्या लेखात आली. हा क्रम मुलांना सांगण्यासारखा आहे.

वर्गात करून पाहा

टेबलाच्या एका कडेला अर्धा मिलिमीटर जाडीची पोलादी तार पक्की बांधा. दुसऱ्या कडेवरून ती खाली सोडून तिला बादली लटकवा. तारेखाली ६० सेंटिमीटर अंतरावर दोन लाकडी ठोकळे ठेवा. बादलीसकट वजन ४ किलो होईल इतके पाणी घाला आणि तार छेडा. सुमारे १३० हर्ट्झचा स्वर येईल, काळी एकच्या जवळपास. आता वजन १ किलोवर आणा. स्वर एक सप्तक खाली गेला? हाच तुमचा खर्ज. तो फार बारीक ऐकू येत असेल तर एका ठोकळ्याखाली पत्र्याचा रिकामा डबा ठेवा आणि फरक ऐका. शेवटी पुन्हा ४ किलो वजन लावून तारेवर तांब्याची बारीक तार घट्ट गुंडाळा. ताण तोच, तरी स्वर उतरेल. (तार तुटू शकते, म्हणून मुलांचे डोळे तिच्यापासून दूर असावेत आणि बादलीखाली कोणाचा पाय नसावा.)

पुढच्या सहलीला दौलताबादच्या पायथ्याशी हा प्रयोग केला तर? पाणी तिथे मिळेल, तार आणि ठोकळे दप्तरात मावतील. गावात कोणी तंबोरा, संबळ, ढोलकी किंवा बेस गिटार वाजवणारे असतील तर त्यांना शाळेत बोलवावे, वाद्य हाताळू द्यायची विनंती करावी, आणि त्यांनी सांगितलेले त्यांच्या नावासकट मुलांकडून वहीत लिहून घ्यावे.