बाबा पदमनजी आणि त्यांची यमुना

आपल्या आजा-पणजांना घेऊन मुंबई बंदरातून मॉरिशसकडे जहाजे सुटत होती, त्याच काळात, १८५७ साली, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ओळखले जाणारे ‘यमुनापर्यटन’ छापून निघाले. लेखक बाबा पदमनजी, वय २६ वर्षे, धर्माने ख्रिस्ती. करारावर आलेले आपले लोक पोर्ट लुईच्या घाटाच्या पायऱ्या चढले तेव्हा त्यांच्या गाठोड्यात हे पुस्तक असणे शक्यच नव्हते. तरी आम्ही या स्मरणिकेसाठी हा विषय मुद्दाम घेतला आहे. घरदार तुटल्यावरही मराठी न सोडलेला हा माणूस आपल्या मंडळींना माहीत असावा, असे आम्हांला वाटते.

बाबांचा जन्म १८३१ साली बेळगावात, कासार घराण्यात झाला. मिशनच्या शाळेत शिक्षण झाले. पुढे मुंबईत ते परमहंस सभेत जाऊ लागले. जातिभेद मोडू पाहणाऱ्या तरुणांची ही गुप्त मंडळी होती. पण बाबांना गुप्तपणा पुरेना. १८५४ साली त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ जात गेली, पंगत गेली. पत्नीसुद्धा त्यांच्याकडे नांदायला आली नाही. आपले पूर्वज समुद्र ओलांडून परके झाले. बाबा आपल्याच मुलखात राहून परके झाले.

अशा माणसाने तीन वर्षांच्या आत कादंबरी लिहिली. पण कादंबरी म्हणजे काय, हे मराठीत दाखवणार कोण? पुढे ठेवायला नमुना नव्हता. पोथ्या होत्या, बखरी होत्या, इंग्रजीवरून उतरवलेल्या गोष्टी होत्या. जॉन बन्यनच्या पुस्तकाचे ‘यात्रिकक्रमण’ हे भाषांतर १८४१ साली हरि केशवजींनी केले होते. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ यायची होती १८६१ साली. बाबांनी सोपी वाट काढली. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, वाटेत त्यांना निरनिराळ्या विधवा भेटतात आणि आपापली कर्मकहाणी सांगतात. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ साली झाला होता. कायदा कागदावर होता. केशवपन, उपास आणि घरातली हेटाळणी जिथल्या तिथे होती. पुढे विनायक मरतो, यमुना स्वतःच विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुस्तकातली ही दुःखे मुख्यतः वरच्या जातींतल्या घरांची आहेत. कुणबी-मराठा घरांत पाटाची चाल होती. विधवेला दुसरा संसार मांडता येई. म्हणून यमुनेत आपली पणजी शोधायला जाऊ नये.

बाबांची खरी अडचण वाचकाची होती. हिंदू वाचक लेखकाचे नाव पाहूनच म्हणणार, हा बाटवायला आला. आणि त्यात अगदीच खोटे काही नव्हते, कारण बाबांना आपला धर्म सांगायचाच होता. त्यांच्या लेखी विधवेची सुटका आणि येशूची वाट या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. आम्हांला विचाराल तर कादंबरी जिथे उपदेशाला लागते तिथे ती पडते. लांबलचक संवाद वाचताना आमच्यासारख्या शिक्षिकेलाही वर्गात डुलकी घेणारी मुले आठवतात. पण त्या बायका बोलू लागल्या की पुस्तक जिवंत होते. त्यांना बोलायला जागा देणे, हेच त्या काळी मोठे धाडस होते. स्त्रियांच्या शिक्षणावर तर त्यांनी बाप्तिस्म्याआधीच, १८५२ साली, निबंध लिहिला होता. म्हणजे ही कळकळ धर्मांतराबरोबर आलेली नव्हती.

कादंबरीवर पोट भरत नाही, तेव्हा तर नाहीच. बाबांनी ‘सत्यदीपिका’, ‘उदयप्रभात’ ही पत्रे चालवली, पाळकाचे काम केले, शब्दकोश रचले. मोल्सवर्थच्या जाडजूड कोशाचा आटोपशीर संक्षेप त्यांनी १८६३ साली काढला. आम्हांला याचे विशेष वाटते. वर्गातली मुले आपसांत क्रिओल बोलतात, मराठी शब्द अडला की फळ्याकडे पाहतात. एकेक शब्द धरून ठेवण्याचे कष्ट आम्ही रोज पाहतो. ज्या समाजाने बाबांना बाहेर काढले, त्याच समाजाच्या भाषेचे शब्द हा माणूस निवडून लावत बसला होता.

१८८८ साली ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र आले. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते, आज आम्ही आहोत साधारण तेवढेच. १९०६ साली ते वारले. लहानमोठी मिळून शंभराच्या आसपास पुस्तके त्यांच्या नावावर आहेत.

‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी की नुसते प्रचाराचे पुस्तक, हा वाद मराठीत पुष्कळ चालला. १८९० च्या सुमारास हरि नारायण आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहायला घेतली. तिच्यातही एक तरुण विधवा आपली कहाणी सांगते, आणि तिचेही नाव यमुनाच आहे. ही दुसरी यमुना मराठी घराघरांत वाचली गेली. पहिल्या यमुनेच्या प्रती मात्र बराच काळ मिशनच्या कपाटांतच राहिल्या.